क्यूबा लिब्रे : विषम बळांचा डाव कितपत समतोल आहे?

गनिमी युद्धावर पटावरचा खेळ रचणाऱ्यापुढे सुरुवातीलाच एक पेच असतो. एका बाजूचे बळ प्रचंड आणि दुसऱ्या बाजूचे तुटपुंजे, यातच त्या युद्धाचे मर्म असते. पण खेळ म्हटला की दोन्ही बाजूंच्या भिडूंना जिंकण्याची जवळपास सारखी संधी द्यावी लागते. सैन्यबळ सारखे करून टाकले तर ते गनिमी युद्ध उरत नाही, आणि इतिहासातले प्रमाण जसेच्या तसे ठेवले तर तीन तास बसून एकजण नुसता मार खात राहतो. जेफ ग्रॉसमन आणि वोल्को रुन्के यांनी रचलेला आणि अमेरिकेतील जीएमटी गेम्सने २०१३ साली प्रसिद्ध केलेला ‘क्यूबा लिब्रे’ हा खेळ या पेचातून बऱ्याच अंशी वाट काढतो. ती कशी काढतो आणि कोठे अडखळतो, हे पाहणे हाच या परीक्षणाचा हेतू आहे. बंडखोरीविरोधी युद्धांवरील जीएमटीच्या मालिकेतला हा दुसरा खेळ आहे, आणि पट लहान व नियम तुलनेने आटोपशीर असल्यामुळे मालिकेची ओळख करून घेण्यासाठी तोच बहुधा सुचवला जातो.

खेळाचा काळ क्यूबातील क्रांतीचा आहे. २६ जुलै १९५३ रोजी मोंकादा छावणीवर झालेला फसलेला हल्ला, २ डिसेंबर १९५६ रोजी ‘ग्रान्मा’ या नौकेतून उतरलेली ८२ माणसे, त्यांच्यापैकी वाचलेल्या मूठभरांनी सिएरा माएस्त्राच्या डोंगरात धरलेला आश्रय आणि १ जानेवारी १९५९ च्या पहाटे हुकूमशहा बातिस्ताने देश सोडून केलेले पलायन, हा कथाभाग बहुतेकांना ठाऊक असतो. मात्र पटावर बातिस्ता विरुद्ध कास्त्रो असा सरळ सामना नाही. बाजू चार आहेत: सरकार, कास्त्रोंची २६ जुलै चळवळ, विद्यार्थी आणि मध्यमवर्गातून उभी राहिलेली दिरेक्तोरिओ, आणि हवानातल्या कॅसिनोंवर पोसलेली अमेरिकी गुन्हेगारी टोळ्यांची सिंडिकेट. पटावर तीन शहरे, सात प्रांत आणि साखर व तंबाखूची तीन आर्थिक केंद्रे मिळून तेरा जागा आहेत. त्यांवर लाकडी सोंगट्या मांडून आणि ५२ पत्त्यांच्या आधाराने डाव चालतो.

बळांच्या हिशोबात पहिला फरक संख्येचा नसून दिसण्याचा आहे. छापामारांच्या सोंगट्या लाकडी दंडगोल आहेत आणि त्यांच्या एका टोकाला चिन्ह आहे. चिन्ह झाकलेले असेल तर तो छापामार भूमिगत, चिन्ह वर असेल तर तो उघडा पडलेला. पट सगळ्यांसमोर असतो आणि कोणत्या प्रांतात किती छापामार आहेत हे सरकारला नीट दिसत असते. पण भूमिगत सोंगटीला सरकार हात लावू शकत नाही. आधी झडती घेऊन ती उघडी पाडायची आणि नंतरच हल्ला करायचा, आणि या दोन गोष्टी एका पाळीत होत नाहीत. समजा, एका प्रांतात चळवळीचे तीन भूमिगत छापामार आहेत आणि सरकारने तेथे सहा सैनिक नेऊन ठेवले आहेत. वरवर पाहता निकाल लागल्यासारखाच आहे. सरकार झडती घेते, तिन्ही छापामार उघडे पडतात, आणि येथेच सरकारची पाळी संपते. हल्ल्याची संधी येण्यापूर्वी चळवळीला पाळी मिळाली, आणि ती बहुधा मिळतेच, तर ते तिघे शेजारच्या प्रांतात निघून जातात किंवा उलटून वार करतात. वार करताना फाशावर स्वतःच्या छापामारांच्या संख्येइतके किंवा त्याहून कमी पडले की यश मिळते. म्हणजे तिघांना निम्मी संधी असते आणि यश आले की दोन सैनिक पटावरून जातात. चळवळीने झडतीच्या आधीच दबा धरून वार करण्याचा पर्याय घेतला असता तर फासाही टाकावा लागला नसता: एक भूमिगत छापामार उघडा करून दोन सैनिक हमखास उचलता आले असते आणि लुटलेल्या शस्त्रांच्या जोरावर एक नवा छापामार उभा करता आला असता. सहाला तीन हे प्रमाण अशा रीतीने एकाच पाळीत चाराला चार होऊन बसते.

१६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेची जी कोंडी झाली, तिचे वर्णन लहानपणापासून ऐकलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. नवल आहे ते इतक्या थोड्या नियमांत हे साधल्याचे. छोटी तुकडी गुपचूप शहरात शिरू शकते, मोठी तुकडी शिरली तर ती उघडी पडते. आणि सिएरा माएस्त्राच्या डोंगराळ मुलखात सरकारी हल्ल्याचा जोर कमी पडतो. १९५८ च्या उन्हाळ्यात बातिस्ताने दहा-बारा हजारांची फौज डोंगराकडे पाठवली आणि अवघ्या काही शे बंडखोरांनी ती परतवली. हे कसे घडू शकले, हे या सोंगट्या हलवताना कोणत्याही टिपणाशिवाय उमगते.

मात्र समतोलाचे खरे काम जिंकण्याच्या अटी करतात. चारही बाजूंना एकच गोष्ट हवी असती तर सरकारच्या पंधरा सैनिकांपुढे आणि तितक्याच पोलिसांपुढे बाकीच्यांचा निभाव लागला नसता. येथे प्रत्येकाला वेगळे काहीतरी हवे आहे. सरकारला लोकांचा एकूण पाठिंबा १८ च्या वर न्यायचा आहे. चळवळीला एकूण विरोध आणि आपले तळ यांची बेरीज १५ च्या वर हवी आहे. दिरेक्तोरिओला आपल्या ताब्यातील लोकसंख्या आणि तळ मिळून ९ च्या वर जायचे आहे. लोक खूश आहेत की नाराज, याच्याशी तिला थेट देणेघेणे नाही. सिंडिकेटला सातपेक्षा जास्त कॅसिनो चालू स्थितीत हवेत आणि तिजोरीत ३० पेक्षा जास्त पैसा हवा; या दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हायला हव्यात. हे आकडे एकमेकांशी थेट तोलता येत नाहीत आणि तेच त्यांचे बलस्थान आहे. सरकार आणि चळवळ यांच्यातील ओढाताण दोरीखेचीसारखी आहे, पण दिरेक्तोरिओ ताबा मिळवत असताना सरकारचा पाठिंबा लगेच घटतोच असे नाही, आणि कॅसिनो सुरळीत चालावेत ही सिंडिकेटची इच्छा बराच काळ सरकारच्या सोयीचीही असते, कारण ज्याच्या ताब्यात तो प्रदेश असेल त्याला कॅसिनोच्या मिळकतीतला वाटा मिळतो.

या सर्व अटींची गाठ हवाना शहरात पडते. पटावर हवानाची लोकसंख्या ६ आहे आणि दुसऱ्या कोणत्याही जागेची त्याच्या जवळपासही नाही. हवाना पूर्णपणे सरकारच्या बाजूने असेल तर सरकारला लागणाऱ्या १९ पैकी लोकसंख्येच्या दुप्पट, म्हणजे १२ गुण तेथेच मिळतात. तेच शहर पूर्णपणे विरोधात गेले तर चळवळीला लागणाऱ्या १६ पैकी १२ गुण तिच्या पदरात पडतात. आणि दिरेक्तोरिओने नुसता ताबा मिळवला तरी तिचे ६ गुण झाले, बाकी चार तळांचे काम. एकाच जागेला इतके वजन देणे धाडसाचे आहे. त्यामुळे पट लहान असूनही डाव कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरत नाही आणि कोणी फार पुढे निघाला तर त्याला कोठे गाठायचे हे बाकीच्यांना कळते. इतिहासाशी मात्र येथे थोडी तडजोड झाली आहे, हे नमूद करायला हवे. प्रत्यक्षात क्रांतीची लष्करी बाजू पूर्वेकडे, ओरिएंतेत ठरली आणि डिसेंबर १९५८ मध्ये चे गेव्हारांच्या तुकडीने सांता क्लारा घेतल्यावर हवानासाठी मोठी लढाई करण्याची वेळच आली नाही. अनुभवी भिडूंच्या डावात पूर्वेकडची धामधूम मध्यापर्यंत आटोपते आणि शेवटचा तासभर सगळे हवानाभोवती घुटमळत राहतात.

सरकारची बाजू कागदावर सर्वांत बळकट आहे. तिच्याकडे सोंगट्या जास्त, पैसा जास्त आणि पाळी सोडली तरी बाकीच्यांना पैशाचे १ एकक मिळते तेथे तिला ३ मिळतात. या बळाला लगाम म्हणून रचनाकारांनी अमेरिकेशी असलेल्या मैत्रीचे मापक ठेवले आहे आणि मला ते या खेळातील सर्वांत हुशार यंत्र वाटते. मैत्री पक्की असताना सरकारला एका जागेवरच्या कारवाईला २ पडतात, मैत्री डळमळली की ३, आणि शस्त्रबंदी लागू झाली की ४. दर प्रचारफेरीत, म्हणजे जिंकण्याच्या अटींची तपासणी होते त्या फेरीत, सरकारचा पाठिंबा १८ च्या वर नसेल तर मापक एक घर खाली येते आणि मदतही घटते. म्हणजे प्रत्येक तपासणीला सरकार एक तर डाव जिंकते किंवा अधिक दुबळे होते. जैसे थे राहण्याचा पर्याय तिला नाही. मार्च १९५८ मध्ये अमेरिकेने बातिस्ताला शस्त्रे देणे थांबवले, ती घटना येथे एका पत्त्यावर उरकलेली नाही. ती संपूर्ण डावाच्या चालीत मुरलेली आहे. सरकार चालवणाऱ्याला त्यामुळे पहिल्या अर्ध्यातच धडाक्याने खेळावे लागते, आणि सावधपणे ‘आधी बस्तान बसवू’ म्हणणारा सरकारी भिडू हमखास हरतो.

पाळ्यांची व्यवस्थाही बळे तोलण्याचेच काम करते. प्रत्येक पत्त्यावर चारही बाजूंची चिन्हे ठरावीक क्रमाने छापलेली असतात. त्या क्रमाने पात्र असलेल्या पहिल्या दोघांनाच त्या पत्त्यावर खेळता येते आणि जे खेळले ते पुढच्या पत्त्याला अपात्र ठरतात. पहिल्याने पत्त्यावरची घटना निवडली तर दुसऱ्याला पूर्ण कारवाई आणि तिच्या जोडीला विशेष चाल मिळते. पहिल्याने स्वतःच पूर्ण कारवाई आणि विशेष चाल घेतली तर दुसऱ्याला घटना खुली राहते किंवा एका जागेपुरती मर्यादित कारवाई करता येते. पुढचा पत्ता आधीच उघडा असतो. म्हणून ‘आता खेळू की थांबू’ हा प्रश्न प्रत्येक वेळी खरा असतो आणि सैन्य कितीही असले तरी ते दर वेळी हलवता येत नाही. बऱ्याच पत्त्यांवर एकच घटना दोन विरुद्ध रूपांत दिलेली आहे, त्यामुळे नको असलेली घटना दुसऱ्याच्या हाती पडू नये एवढ्यासाठीही पाळी खर्च करावी लागते. हे पत्ते वाचायलाही मजा येते: बंडखोरांचे रेडिओ रेबेल्डे आहे, पत्रकार हर्बर्ट मॅथ्यूज आहेत, गुन्हेगारी टोळ्यांचा म्होरक्या मायर लॅन्स्की आहे आणि कॅसिनोंचा विषय असल्यामुळे गायक सिनात्राही आहे.

नशिबाचा मोठा वाटा प्रचारफेरीच्या पत्त्यांत आहे. ४८ घटनापत्त्यांचे बारा-बाराचे चार गठ्ठे करून प्रत्येकात एक प्रचारपत्ता मिसळला जातो. तो गठ्ठ्यात कोठेही असू शकतो, त्यामुळे दोन तपासण्यांत कधी वीसहून अधिक पत्त्यांचे अंतर पडते आणि कधी जेमतेम एक-दोन पत्त्यांचे. पहिली प्रचारफेरी फार लवकर आली तर सरकारचे मापक काही हातपाय हलवण्याआधीच खाली घसरते आणि त्या डावात सरकार बहुतेक वेळा पुन्हा वर येत नाही. अनिश्चितता हा अशा युद्धाचा स्वभावच आहे, हे मान्य करूनही या एका ठिकाणी पारडे निष्कारण झुकते असे वाटते. आमच्या मंडळात पहिल्या गठ्ठ्यातील वरचे चार पत्ते बाजूला काढून मगच प्रचारपत्ता उरलेल्यांत मिसळण्याची घरगुती पद्धत पडली आहे आणि तिने खेळाच्या मूळ रचनेला कोठे बाध आलेला दिसलेला नाही.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो. चार बाजू समतोल आहेत, पण सारख्या सोप्या नाहीत, आणि खोक्यावर किंवा नियमपुस्तिकेत याची पुरेशी ठळक सूचना नाही. चळवळ ही नवख्याला देण्याजोगी बाजू आहे: माणसे जमवा, पसरा, विरोध वाढवा. दिरेक्तोरिओचे उद्दिष्ट समजायला सोपे आणि गाठायला अवघड आहे, कारण ताबा मिळवण्यासाठी इतर सर्वांच्या एकत्रित सोंगट्यांपेक्षा जास्त सोंगट्या एका जागी लागतात आणि अशी गर्दी झाली की ती सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. ही बाजू जिंकते ती बहुधा सरकार आणि चळवळ एकमेकांत गुंतलेले असताना, शेवटच्या तपासणीच्या जरा आधी. इतिहासातल्या दिरेक्तोरिओने १३ मार्च १९५७ रोजी थेट राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर हल्ला केला आणि त्याच दिवशी तिचे नेते होसे आंतोनिओ एचेव्हेरिया मारले गेले. पटावर असा एकदम उठाव करणाऱ्या भिडूची गतही फार वेगळी होत नाही.

सिंडिकेट ही सर्वांत फसवी बाजू आहे. तिच्याकडे छापामार म्हणावेत असे गुंड अवघे सहा आणि कॅसिनो दहा. तिला स्वतःचे रक्षण स्वतः करता येत नाही. ते पैशाने करून घ्यावे लागते. लाच देऊन ती कोणाच्याही सोंगट्या पटावरून हटवू शकते, सरकारचे पोलीस आपल्या कॅसिनोपाशी आणून उभे करू शकते आणि नफ्याच्या रोख चकत्या पटावर ठेवू शकते. मात्र ती रोख कोणत्या तरी सोंगटीच्या अंगावर असते आणि ती सोंगटी पडली तर पैसा दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. चळवळीने हवानात भूमिगत छापामार पोलिसांपेक्षा जास्त संख्येने जमवले आणि अपहरणाची विशेष चाल खेळली. फाशावर ६ पडले आणि सिंडिकेटच्या तिजोरीतून तेवढा पैसा एका क्षणात चळवळीकडे गेला. ३३ वरून २७ वर आल्यामुळे सिंडिकेटचा हातातोंडाशी आलेला डाव हुकला. चालवणारा भिडू वैतागला, पण सरकारला चार पोलीस तेथे ठेवण्याची विनंती त्याने आधीच्या दोन पत्त्यांत केलीच नव्हती. या बाजूला पट खेळण्याइतकेच माणसे खेळवता यावी लागतात. अबोल किंवा नवख्या भिडूला सिंडिकेट दिली तर तो दोन तास पैसे मोजत बसतो आणि चौघांचा तोल तेथेच बिघडतो, कारण उरलेल्या तिघांपैकी कोणाला तरी न मागता त्या कॅसिनोंचा फायदा आयता मिळतो.

यातून खेळाचे मुख्य वैशिष्ट्य आणि मुख्य मर्यादा एकदमच लक्षात येते. रचनाकारांनी नियमांतून निम्मा समतोल साधला आहे. उरलेला निम्मा टेबलाभोवती बसलेल्यांनी साधायचा आहे. पुढे गेलेल्याला मागे खेचणे, तात्पुरती युती करणे, योग्य वेळी ती मोडणे, हे होत राहिले तर चौघेही शेवटच्या तपासणीपर्यंत शर्यतीत राहतात. एकाने जरी सूड म्हणून किंवा मैत्रीखातर खेळायचे ठरवले तर कोणतेही मापक त्याला रोखू शकत नाही. शेवटच्या प्रचारफेरीच्या तोंडावर ज्याची जिंकण्याची आशा संपली आहे, तो आपल्या एका चालीने बाकी तिघांपैकी कोणाला जिंकवायचे ते ठरवू शकतो, आणि हे टाळण्यासाठी नियमांत काहीच तरतूद नाही. अखेरीस कोणीच अट पूर्ण केली नाही तर आपापल्या अटीच्या सर्वांत जवळ असलेला जिंकतो. या तरतुदीमुळे मागे पडलेल्यालाही एकेका गुणासाठी झगडण्याचे कारण राहते हे खरे, पण ती पुरेशी नाही.

चारपेक्षा कमी माणसे असतील तर रिकाम्या बाजू प्रवाहतक्त्यांच्या साहाय्याने चालवण्याची सोय आहे आणि एकट्यालाही डाव मांडता येतो. ही सोय प्रामाणिकपणे केलेली आहे, परंतु प्रत्येक पाळीला ‘हो’ किंवा ‘नाही’च्या चौकटींतून बोट फिरवत जाणे कंटाळवाणे होते, आणि तक्त्याशी वाटाघाटी करता येत नाहीत हा त्याहून मोठा दोष आहे. नियम पक्के करण्यासाठी एकट्याने खेळणे उपयोगी पडते. बळांचा तोल पारखायचा असेल तर चार माणसे हवीत.

निर्मितीबद्दल फारशी तक्रार नाही. पट जाड पुठ्ठ्याचा आहे, सोंगट्या हाताला चांगल्या लागतात, प्रत्येक बाजूसाठी कारवायांचा सारांश देणारे तक्ते आहेत. दुसऱ्या पुस्तिकेत सरावाचा डाव आणि प्रत्येक पत्त्यामागची ऐतिहासिक पार्श्वभूमी दिली आहे. ती पुस्तिका वाचूनच डावाला बसावे. सोंगटीवरचे चिन्ह मंद प्रकाशात ओळखू येत नाही, म्हणून दिवा पटावर नीट पडेल असे बसावे, नाहीतर भूमिगत कोण आणि उघडा कोण यावरून वाद होतात. सर्व मजकूर इंग्रजीत आहे आणि पत्त्यांवरची वाक्ये आखूड पण काटेकोर असल्यामुळे, ज्याला इंग्रजी सराईतपणे वाचता येत नाही त्याच्याशेजारी नियम जाणणारा कोणीतरी बसवावा.

खोक्यावर तीन तासांचा अंदाज दिलेला आहे. चौघेही जाणकार असतील तर तो खरा ठरतो; पहिल्या डावाला संपूर्ण दुपार राखून ठेवावी आणि सरकारची बाजू गटातल्या सर्वांत अनुभवी भिडूला, चळवळ सर्वांत नव्याला आणि सिंडिकेट सर्वांत बोलक्याला द्यावी. ज्यांना समोरासमोरची दोन सैन्ये आणि एक निर्णायक लढाई हवी आहे त्यांनी हा खेळ घेऊ नये. भारतीय विषयाची ओढ असलेल्यांसाठी याच मालिकेत २०१९ साली आलेला, १९१७ ते १९४७ या काळातील स्वातंत्र्यलढ्यावरचा ‘गांधी’ आहे. त्यात अहिंसक बाजूंसाठी नियम बदलले आहेत, पण ‘क्यूबा लिब्रे’ खेळलेल्याला तो लवकर समजतो. आपल्याकडे हे खेळ बहुधा परदेशातून मागवावे लागतात आणि वाहतूक व सीमाशुल्क धरून किंमत बरीच वाढते, तेव्हा नेहमी एकत्र बसणाऱ्या चौघांनी मिळून एकच प्रत घ्यावी. तसाही तो चौघे जमल्याशिवाय कपाटातून बाहेर काढण्यात अर्थ नाही.